टेक्ससचे स्टेक फिंगर्स घरी करताना

टेक्ससमध्ये राहायला आलं की बार्बेक्यूबद्दल सगळे भरभरून सांगतात, ब्रिस्केट खाल्लं का, अमुक ठिकाणी सकाळपासून लाईन लावावी लागते वगैरे, पण इथली माणसं मंगळवारी बुधवारी घरी काय खातात त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. स्टेक फिंगर्स त्यातलेच. बीफच्या बोटाएवढ्या लांब पट्ट्या, मसाल्याच्या पिठात घोळवून तळलेल्या, सोबत दुधातली पांढरी मिरपुडीची ग्रेव्ही, बटर लावून भाजलेला जाडजूड ब्रेड आणि फ्राईज. हायवे सोडून कुठल्याही छोट्या गावात शिरा, डेअरी क्वीन या फास्ट फूडच्या साखळीचा लाल बोर्ड दिसतोच (त्याला इथे गमतीत टेक्ससचा स्टॉप साइन म्हणतात) आणि त्यांच्या इकडच्या मेन्यूवर स्टेक फिंगर्सचं बास्केट असतंच. शाळांच्या कॅन्टीनमध्येही हे देतात, त्यामुळे साठी-सत्तरीतल्या टेक्सन माणसासमोर नुसतं नाव काढा, पुढची पंधरा मिनिटं तुम्हाला बोलावं लागत नाही.

मी वसईचा, ख्रिश्चन घरातला, त्यामुळे मोठ्याचं मटण मला नवीन नव्हतं. आमच्याकडे कटलेट म्हणजे बटाट्याचं नाही तर मांसाचे पातळ काप ठेचून, त्याला आलं-लसूण-हिरवी मिरची-व्हिनेगर चोळून, अंड्यात बुडवून रव्यात घोळवून तव्यावर परतलेलं. गोव्यात गाड्यांवर कटलेट पाव मिळतो त्यातही तेच कटलेट. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून घरी जे येतं ते म्हशीचं, आणि ते जरा जास्त ठेचावं लागतं एवढाच मम्मीच्या रेसिपीत फरक पडला. तर सांगायचा मुद्दा काय, की बीफ चपटं करून कशाततरी घोळवून तळायचं ही आयडिया ओळखीचीच होती, फक्त इथली पद्धत बारकाईने पूर्ण वेगळी आहे, आणि ती मी शेजारच्या आजींकडून शिकलो. आम्ही राउंड रॉकला राहतो, ऑस्टिनच्या वरच्या बाजूला, आणि या आजी मूळच्या लबकच्या पलीकडच्या कापसाच्या भागातल्या. त्यांना मी मॅम म्हणतो, त्या मला हनी म्हणतात, आणि त्यांच्या मते ऑस्टिनला कोणालाच काही तळता येत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण पद्धत त्यातूनच आलीय. स्टेक फिंगर्सचा मोठा भाऊ चिकन फ्राइड स्टेक, म्हणजे बीफचा ठेचून ताटाएवढा केलेला तुकडा, तळलेल्या चिकनसारखाच पिठात घोळवून तळायचा. त्याच्या पट्ट्या कापल्या की फिंगर्स झाले. १८४० च्या दशकात जर्मन लोक मध्य टेक्ससमध्ये येऊन वसले, न्यू ब्राउनफेल्स १८४५ चं, फ्रेडरिक्सबर्ग १८४६ चं, दोन्ही गावं आमच्यापासून दोनेक तासांच्या आत, आणि त्यांचं स्निट्झेल (ठेचून पातळ केलेला, ब्रेडक्रम्स लावून तळलेला मांसाचा काप) इथे येऊन असं झालं असं बहुतेक लोक मानतात. तिकडे वासराचं कोवळं मांस, इकडे मैलोन्मैल चालून काटक झालेली गुरं, मग ठेचण्याशिवाय पर्याय काय. लामीसा नावाचं एक गाव आहे पश्चिमेला, ते म्हणतं हा पदार्थ आमचा, आणि १९११ साली तिथल्या एका खानावळीत आचाऱ्याने ऑर्डर चुकीची वाचली आणि हा पदार्थ जन्माला आला असा किस्साही सांगतात. तो किस्सा १९७० च्या दशकात एका पत्रकाराने गमतीत रचलेला, पण गाव अजून त्याचा फेस्टिवल करतं, आणि करू दे की, कोणाचं काय जातंय. शेजारच्या ओक्लाहोमाने १९८८ मध्ये राज्याचं अधिकृत जेवण ठरवलं त्यात भेंडी फ्रायपासून पेकान पायपर्यंत डझनभर पदार्थ आहेत आणि त्यात चिकन फ्राइड स्टेक आहेच. टेक्ससने २०११ मध्ये २६ ऑक्टोबर हा त्याच्या नावाचा दिवसच करून टाकला.

आता मांस. लोकांचं सगळं लक्ष पिठाकडे असतं, अकरा मसाले टाकू का तेरा, पण माझ्या मते या पदार्थाचं ऐंशी टक्के तेल तापायच्या आधी ठरतं आणि त्यातलं अर्धं कापताना. मी टॉप राउंड घेतो, म्हणजे जनावराच्या मागच्या मांडीचा भाग, चरबी कमी, स्वस्त, चव चांगली पण तसंच भाजलं तर चिवट. सर्लोइन घेतलं तर जास्त मऊ होतं पण पैसे पण जास्त, आणि फिले वगैरे यासाठी घेणं म्हणजे निव्वळ माज. दुकानात क्यूब स्टेक म्हणून पण मिळतं, ते राउंडच असतं बहुतेक, फक्त खाटकाने पात्यांच्या मशीनमधून काढलेलं, त्यावर चौकोनी खळग्यांची नक्षी असते. आजी तेच वापरतात आणि त्यात काही वाईट नाही, फक्त एक माहीत असावं की पाती वरचे जंतू आत ढकलतात, म्हणून २०१६ पासून अमेरिकेत अशा पात्या मारलेल्या मांसाच्या पाकिटावर बहुतेक ठिकाणी तसं छापावं लागतं, आणि ते आतून गुलाबी ठेवून खायच्या भानगडीत पडू नये. फिंगर्स एवढे पातळ असतात की कोटिंग लाल व्हायच्या आत आतलं पूर्ण शिजतं त्यामुळे इथे तो प्रश्न येत नाही. तिसरा पर्याय मेक्सिकन लोकांमुळे मिळतो, टेक्ससच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या दुकानात मिलानेसा लिहिलेले राउंडचे पातळ काप असतात, मिलानेसा म्हणजे त्यांचा ब्रेडक्रम्स लावून तळलेला प्रकार, याच खानदानातला. घाईच्या दिवशी मी तेच उचलतो.

पण वेळ असेल तर अख्खा तुकडा आणायचा, अर्धा पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवायचा, गोठवायचा नाही फक्त कडक होऊ द्यायचा, मग सुरी सरळ चालते. अर्धा इंच जाडीचे काप काढायचे आणि मग ठेचायचे. इथे लाकडी किंवा स्टीलचा दातेरी हातोडा मिळतो, माझ्याकडे आहे तो, पण मी अजूनही बऱ्याचदा जड सुरीची पाठ वापरतो, मम्मी मारते तसे आधी आडवे मग उभे ठोके, चौकटी पडेपर्यंत. हातोड्याने तुकडा पटकन पसरतो पण मधेच फाटतो, सुरीच्या पाठीने वेळ लागतो पण धागे तुटतात आणि तुकडा एकसंध राहतो. पाव इंचापर्यंत आणायचं, त्याहून पातळ केलं तर तोंडात नुसतं पीठ येतं. आवाज फार होतो, म्हणून हा कार्यक्रम गॅरेजमध्ये.

आणि मग कापणे, आणि इथे मी कोणाचंही ऐकून घेत नाही. मांसाला धागे असतात, उजेडात तिरकं धरून बघितलं की रेषा दिसतात. पट्टी अशी कापायची की त्या रेषा पट्टीच्या रुंदीत जातील, लांबीत नाही. म्हणजे चार इंच लांब आणि एक इंच रुंद पट्टी असेल तर प्रत्येक धागा फक्त एक इंचाचा राहिला पाहिजे. उलटं झालं की काय होतं, तुम्ही चावा घेता, कोटिंग तुटतं, मांस तुटत नाही, आणि अख्खी पट्टी मोज्यातून पाय निघावा तशी बाहेर ओढली जाते आणि हातात पिठाची रिकामी नळी उरते. हॉटेलात पण होतं हे, कारण तिथे कापणारा रेषा बघत नाही, वजन बघतो.

कापून झालं की मीठ. पाउंडभर मांसाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, एक सपाट टीस्पून बारीक मीठ, आणि तासभर फ्रीजमध्ये उघडं. मीठ आत जायला वेळ लागतो, पिठात कितीही मीठ टाकलं तरी ते बाहेरच राहतं, आणि मग आतून फिकं बाहेरून खारट असा प्रकार होतो. आजी हे करत नाहीत, त्या सगळं मीठ पिठात टाकतात आणि वर ग्रेव्हीत टाकतात, आणि त्यांचे फिंगर्स तरी छान लागतात, पण त्यांचे क्यूब स्टेकचे असतात आणि त्या खळग्यांमध्ये पीठ मुरतं, म्हणून चालून जातं असं मला वाटतं.

मग बटरमिल्क. हे आपलं ताक नव्हे, लोणी काढून उरलेलं पातळ वगैरे नाही, इथे कार्टनमध्ये मिळतं ते दुधाला विरजण लावून केलेलं, दाट आणि आंबट, साधारण घुसळलेल्या दह्याएवढं. ज्यांच्याकडे मिळत नाही त्यांनी दही थोड्या दुधात फेटून घ्यावं, दुधात लिंबू पिळून जे होतं ते आंबट होतं पण दाट होत नाही, आणि आपल्याला दाटपणाच हवा आहे कारण पीठ त्याला धरून राहतं. एक कप बटरमिल्क, चमचाभर कुठलाही तिखट सॉस, दोन लसूण पाकळ्या किसून, त्यात पट्ट्या चार तास किंवा रात्रभर. मी एकदा अर्ध्या पट्ट्या वसईच्या पद्धतीने व्हिनेगर आणि हिरवं वाटण लावून ठेवल्या आणि अर्ध्या बटरमिल्कमध्ये, मुद्दाम, बघायला की फरक काय पडतो. चवीला व्हिनेगरवाल्या जिंकल्या, अगदी सहज, पण रात्रभर ठेवल्यामुळे वरचा थर पिठूळ मऊ झाला आणि कोटिंग त्यावर नीट बसलं नाही, कारण व्हिनेगर जोरात काम करतं आणि बटरमिल्क सावकाश. म्हणून आता वाटण लावायचं असेल तर व्हिनेगर एक चमचा आणि वेळ अर्धा तास, बाकी काम बटरमिल्ककडे. हिरव्या मिरचीचं वाटण बटरमिल्कमध्ये घालून बघा, आजींनी खाल्लं, काही बोलल्या नाहीत, पण दुसरं घेतलं.

पीठ सोपं आहे. दोन कप मैदा, अर्धा कप कॉर्नफ्लोअर, एक टीस्पून बेकिंग पावडर, एक टीस्पून मीठ, भरपूर ताजी कुटलेली मिरपूड (भरपूर म्हणजे टेबलस्पून, घाबरू नका), लसूण पावडर, थोडं लाल तिखट. कॉर्नफ्लोअर का, तर मैद्यातल्या ग्लुटेनमुळे कोटिंग चिवट होतं, कॉर्नफ्लोअरने ते कमी होऊन कुरकुरीत होतं. बेकिंग पावडरने बारीक बुडबुडे येतात. आणि एक युक्ती आजींची, त्या पिठात दोन-तीन चमचे बटरमिल्क शिंपडून बोटांनी चोळतात, त्याच्या छोट्या छोट्या गुठळ्या होतात आणि त्या गुठळ्या पट्टीला चिकटून तळल्यावर खडबडीत कुरकुरीत टोकं तयार होतात, ग्रेव्ही धरायला एकदम बरोबर.

काही लोक पिठाच्या जागी सॉल्टीन म्हणजे खारी चौकोनी बिस्किटं चुरून लावतात, काही पांको ब्रेडक्रम्स. दोन्ही केलेत. सॉल्टीनची चव मस्त पण तो चुरा आधीच भाजलेला असतो म्हणून फार लवकर काळवंडतो, तेल थोडं कमी तापवावं लागतं. पांको दिसायला सगळ्यात भारी, पण तो कटलेट-कटलेट लागतो, टेक्सस लागत नाही. आणि रवा, अर्थात रवा लावून बघितलाच, शेवटच्या थराला मैद्यात निम्मा बारीक रवा मिसळून. आता हे ऐका, मैद्याचं कोटिंग पंधरा मिनिटांनी नरम पडायला लागतं, रव्याचं पाऊण तासाने पण कडक असतं. पॉटलकला (जिथे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा असतो) न्यायचं असेल, डब्यात द्यायचं असेल, तर रवा. समोर बसून गरम खायचं असेल आणि ग्रेव्हीत बुडवायचं असेल तर नुसता मैदा, कारण रव्यावर ग्रेव्ही थांबत नाही, घसरते.

घोळवायचा क्रम: पट्टी बटरमिल्कमधून काढून निथळून पिठात, मग एक अंडं आणि अर्धा कप नवीन बटरमिल्क फेटलेलं असतं त्यात, मग परत पिठात आणि तळहाताने दाबून. एक हात ओल्याचा, एक हात कोरड्याचा, नाहीतर पाचव्या पट्टीपर्यंत बोटंच तळायला तयार होतात. आणि मग सगळ्या पट्ट्या जाळीवर ठेवून वीस मिनिटं काहीही करायचं नाही. हे वीस मिनिटं लोक देत नाहीत आणि मग विचारतात कोटिंग का निघतं. पीठ खालचं पाणी ओढून घेतं, ओलसर होतं, चिकटतं, पांढरा कोरडा भाग दिसेनासा होतो. तसंच लगेच सोडलं तर सुटं पीठ तेलात पडतं, तळाशी जळतं, आणि दुसऱ्या घाण्याला काळे ठिपके येतात. ठेवल्यानंतर कुठे कोरडं दिसलं तर तिथे परत थोडं पीठ दाबायचं नाही, झटकायचं.

तेलाला मी बिडाची कढई घेतो, बारा इंची, लॉजची, टेनेसीतल्या साउथ पिट्सबर्ग नावाच्या छोट्या गावात १८९६ पासून ही कंपनी बिडाची भांडी ओततेय. बीड जड असतं, तापायला वेळ घेतं पण थंड मांस टाकल्यावर पातळ भांड्याएवढं पटकन थंड होत नाही, आणि तळण्यात सगळा खेळ तोच आहे. तेल शेंगदाण्याचं रिफाइंड किंवा कनोला, इंचभर. आजींच्या आईच्या काळी चरबीत तळायचे, आता आजीपण डॉक्टरच्या भीतीने कनोला वापरतात. ३५० ते ३६० फॅरनहाइट, म्हणजे १७५ ते १८० सेल्सिअस. माझ्याकडे थर्मामीटर आहे, आजी त्याला हसतात. म्हणाल्या, “हनी, तुला कान दिलेत ना देवाने?” आणि खरंच त्या कढईकडे बघतही नाहीत, सिंककडे तोंड करून भांडी घासत असतात आणि मधेच म्हणतात, काढ आता. कारण पट्टी टाकल्यावर जो जोराचा चर्र आवाज येतो तो आतल्या आणि कोटिंगमधल्या पाण्याची वाफ बाहेर पडल्याचा, बुडबुडे मोठे आणि खवळलेले असतात, आणि जसं वरचं पाणी संपत येतं तसा आवाज बारीक होतो, बुडबुडे लहान होतात. तोपर्यंत वाफ बाहेर ढकलत असते म्हणून तेल आत शिरत नाही. आवाज पूर्ण बंद व्हायची वाट बघितली तर मात्र आतली पट्टी सुकली आणि तेल आत गेलं. मी आता दोन्ही वापरतो, थर्मामीटर टाकायच्या आधी आणि कान टाकल्यानंतर.

एका वेळी पाच-सहाच. जास्त टाकलं की तेलाचं तापमान धाडकन पन्नास साठ डिग्री पडतं आणि मग पट्ट्या तळल्या जात नाहीत, तेलात भिजतात. एका बाजूने दीड-दोन मिनिटं, पहिलं मिनिट अजिबात हलवायचं नाही कारण कोटिंग तेव्हा बसत असतं, मग चिमट्याने हळू उलटायच्या, परत तेवढंच. तीन-चार मिनिटांत काम खलास. यूएसडीए, म्हणजे अमेरिकेचं कृषी खातं, बीफच्या अख्ख्या तुकड्याला आतून १४५ फॅरनहाइट आणि वर तीन मिनिटं विश्रांती सांगतं, ही पट्टी एवढी पातळ की त्याच्या बरीच पुढे गेलेली असते, म्हणून तर आधी एवढं ठेचणं आणि कापणं, नाहीतर इतकं शिजलेलं राउंड कोण चावणार. बाहेर काढून कागदावर नाही ठेवायचं, जाळीवर ठेवायचं. कागदावर खालच्या बाजूला वाफ अडकते आणि ती बाजू ओली होते. ओव्हन २०० फॅरनहाइटला लावून त्यात जाळीसकट ठेवलं की शेवटचा घाणा होईपर्यंत पहिला गरम आणि कडक राहतो.

आता घरातला दुसरा विषय. आमची ही अकोल्याची, बीफ खात नाही, मी तिला कधी खा म्हणत नाही आणि ती मला कधी नको म्हणत नाही, पण तिची एक अट, “अरे, माझं आधी आणि नव्या तेलात.” तर तिच्यासाठी बटण मशरूम आणि कांद्याच्या जाड चकत्या, वेगळ्या भांड्यातलं बटरमिल्क, वेगळ्या ताटलीत पीठ, आणि पहिला घाणा तिचा. हे करायला लागल्यापासून एक फायदा लक्षात आला, कांदा तळून तेल नीट मुरतं, त्याला वास येतो आणि रंगही पुढे जास्त चांगला येतो, म्हणजे अगदी कोरं तेल पहिल्या घाण्याला नेहमी फिकटच रंग देतं, तो फिकट घाणा कांद्याच्या वाट्याला जातो. मशरूमला मात्र पाणी फार सुटतं, त्याला मीठ आधी लावायचं नाही.

ग्रेव्हीशिवाय स्टेक फिंगर्स म्हणजे आजींच्या शब्दात नुसतं वाळलेलं मांस. कढईतलं तेल सगळं काढून चार टेबलस्पून ठेवायचं, तळाशी जे तपकिरी कण उरलेत ते राहू द्यायचे (काळे असतील तर नाही, ते कडू लागतात). त्यात चार टेबलस्पून मैदा, मंद आचेवर दोन मिनिटं परतायचा, कच्चा वास गेला पाहिजे पण रंग बिस्किटाच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. मग अडीच कप दूध, फुल फॅट, फ्रीजमधून थेट नाही, थोडं थोडं ओतत फेटायचं. करताना मला दर वेळी पिठलंच करतोय असं वाटतं, तीच गुठळ्यांची भीती, तेच सतत ढवळणं, आणि गॅस बंद केल्यावर ते आणखी घट्ट होतं म्हणून थोडं पातळ असतानाच थांबायचं हेही तसंच. मीठ आणि काळी मिरी, आणि मिरी दिसली पाहिजे. हिची ग्रेव्ही बटरमध्ये वेगळी होते, आणि खरं सांगू का, ती जास्त गुळगुळीत होते पण चव कढईतल्या ग्रेव्हीलाच.

आजींना मी जे करतो त्यातलं एकच पटत नाही, मी ग्रेव्हीत चिमूटभर जायफळ आणि फोडणीसारखी एक हिरवी मिरची परततो. त्यांनी चमच्यावर घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, चांगलं आहे, पण ही ग्रेव्ही नाही. मी म्हटलं, येस मॅम. पुढच्या वेळेला त्यांच्या वाटणीची साधी काढून ठेवली आणि त्यांनी दोन्ही खाल्ल्या.

राहिलेल्या पट्ट्यांचं काय, तर मायक्रोवेव्ह करू नका, कोटिंगचा लगदा होतो. एअर फ्रायरमध्ये ३७५ फॅरनहाइटला चार-पाच मिनिटं, जवळजवळ ताज्यासारख्या. नुसत्या एअर फ्रायरमध्ये तेलाचा स्प्रे मारून कच्च्यापासून पण करून बघितलं, पिठाचं कोटिंग कोरडं पांढरट राहतं, पांको लावला तर बरं होतं, पण ते वेगळंच काहीतरी खातोय असं समजून खायचं. जास्त करून ठेवायचे असतील तर घोळवून, जाळीवर विसावून, ताटात सुटे सुटे गोठवायचे आणि मग पिशवीत, महिनाभर आरामात राहतात. तळताना बाहेर काढून मऊ करायचे नाहीत, गोठलेलेच तेलात, फक्त तेल ३३० च्या आसपास आणि वेळ दीडपट, आणि घाण्याला चारच, कारण बर्फामुळे तेल उसळतं, लांब उभं राहा आणि पोरांना बाहेर काढा.

दुसऱ्या दिवशी मी ते पावात घालतो, इथे पाव नीट मिळत नाही म्हणून मेक्सिकन बेकरीतला बोलिलो, त्याला हिरवी चटणी, व्हिनेगरमध्ये चुरलेला कांदा, आणि मधे दोन फिंगर्स. हिचे मशरूम दुसऱ्या दिवसापर्यंत कधीच उरत नाहीत. तेल थंड झाल्यावर मलमलच्या कापडातून गाळून काचेच्या बाटलीत, बाटलीवर मोठ्या अक्षरात बीफ लिहून वेगळ्या फडताळात, हिच्या पुऱ्यांच्या तेलाजवळ ती बाटली दिसलेली चालत नाही. त्यात परत फक्त फिंगर्सच किंवा माझ्यापुरते बटाटे, दोनदा-तीनदा, मग रंग गडद झाला आणि लवकर फेसाळायला लागलं की रिकाम्या दुधाच्या कार्टनमध्ये भरून कचऱ्यात. सिंकमध्ये ओतू नका, प्लंबरचं बिल फिंगर्सपेक्षा महाग पडतं.